ऑक्टोबरचा रिपोर्ट घेऊन येऊ नका

विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो अशी तक्रार असली की माझ्या हातात पाण्याआधी एक कागद ठेवला जातो. कधी पेट्रोल पंपवाल्याने करून घेतलेली तपासणी, कधी ग्रामपंचायतीने, कधी कुणाच्या पुतण्याने मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरून जिल्ह्याच्या लॅबला नेलेला असतो. कागदावर सगळं ठीक असतं. मी आकडे नंतर बघते, आधी तारीख बघते. ती सप्टेंबर ते डिसेंबरमधली असली तर कागद घडी घालून परत देते. लोकांना राग येतो. 'मॅडम, सरकारमान्य लॅब आहे,' असं ऐकवलं जातं. लॅब असेलही मान्य. माझी तक्रार कॅलेंडरबद्दल आहे, आणि ती दर वेळी तोंडी समजावण्यापेक्षा एकदा लिहून काढलेली बरी.

शिक्षण भूशास्त्राचं. नोकरीची सुरुवातीची वर्षं शेतकऱ्यांना बोअरच्या जागा सुचवण्यात गेली. आता पाणी कुठे आहे यापेक्षा पाण्यात काय आहे हे शोधते. पेट्रोल पंप, डिझेलचे डेपो, उलटलेले टँकर, एमआयडीसीतल्या बंद कारखान्यांच्या पुरलेल्या टाक्या, मोठ्या सोसायट्यांचे जनरेटर. लोकांना वाटतं असं क्वचित घडतं. घडतं बरंच, दिसतं क्वचित. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेट भागात घरांच्या बोअरमधून इंधन मिसळलेलं पाणी यायला लागलं तेव्हा देशभर बातमी झाली, कारण तिथे जमिनीखालची तेलवाहिनी फुटली होती आणि गळती मोठी होती. पंपाच्या कोपऱ्यातला एखादा जॉइंट हळूहळू पाझरतो त्याची बातमी होत नाही.

एक प्रकरण सांगते. गाव आणि माणसं ओळखू येतील असं काही लिहिणार नाही. सोलापूर जिल्ह्याचा पश्चिम भाग, डाळिंबाचा पट्टा. राज्य रस्त्याला लागून एक जुना पेट्रोल पंप, आणि त्याच्या उताराच्या बाजूला शंभर-सव्वाशे मीटरवर आबांची विहीर. विहीर आठ परस, म्हणजे पंचेचाळीस फुटांच्या आसपास. घरात प्यायला नळाचं पाणी आहे. विहिरीचं पाणी बागेला आणि जनावरांना.

पहिल्या दिवशी आबा म्हणाले, 'मॅडम, वास रोज येत नाही. शिमग्याच्या आसपास सुरू होतो, वैशाखात तर मोटर सुरू केली की डोकं धरतं. नवरात्रात बघाल तर काहीच नाही. म्हणून आमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.'

त्या एका वाक्यात निम्मा तपास होता. पंपाच्या मॅनेजरला मात्र तेच वाक्य आबांच्या विरोधातला पुरावा वाटत होतं. गळती असती तर बाराही महिने वास आला असता, असं त्याचं म्हणणं. ऐकायला पटतं. आपल्या खडकात ते खोटं आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर बसलाय. वर काळी माती, मग मुरूम, मग भेगाळलेला खडक, मध्येच मांजऱ्या (बारीक पोकळ्या भरलेला ठिपक्यांचा खडक), कुठे लाल बोलचा, म्हणजे भाजलेल्या लाल मातीसारखा थर, आणि खाली काळा पाषाण. या सगळ्यात पाण्याला जागा फार कमी. झिजलेल्या बेसाल्टमध्ये पाणी मोकळं होऊन येईल अशी जागा साधारण दोन टक्के धरतात. गणित करून बघा: पावसाचं १०० मिलिमीटर पाणी जमिनीत मुरलं तर दोन टक्के जागेत ते पातळी पाच मीटरने वर चढवतं. तेवढंच पाणी नदीकाठच्या वाळूत मुरलं, जिथे ही जागा वीस टक्के असते, तर पातळी अर्धा मीटर चढेल. म्हणून आमच्याकडच्या विहिरी दसऱ्याला काठोकाठ दिसतात आणि मेमध्ये तळ दाखवतात. सोलापूरकडे तर पाऊस मुख्यतः सप्टेंबरातला, त्यामुळे सगळ्यात वरची पातळी ऑक्टोबरात मिळते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. पाण्याच्या एका लिटरचं वजन एक किलो, पेट्रोलच्या एका लिटरचं पाऊण किलोच्या आत-बाहेर. मुरुमातून झिरपत ते पाण्याच्या पातळीपर्यंत उतरतं आणि तिथे पसरतं. मग पातळी उतरते तसं तेही उतरतं, आणि उतरताना वाटेतल्या प्रत्येक भेगेला थोडं थोडं चिकटून राहतं. वाटीतला रस्सा खाली जातो तसा तर्रीचा पट्टा कडेला राहतो, तसंच. पावसाळ्यात पाणी वर चढलं की हे चिकटलेलं पेट्रोल सगळंच्या सगळं तरंगून वर येत नाही. पुष्कळसं भेगांमध्ये थेंबाथेंबांनी अडकून पाण्याखाली बुडून राहतं. वरून नवं पाणी आलेलं असतं, बागेला उपसा नसतो, वाफेचा वर यायचा रस्ता पाण्याने बंद केलेला असतो. विहीर स्वच्छ दिसते. पेट्रोल गेलेलं नसतं, पाच मीटर जाडीच्या थरात कोंडलेलं असतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते पुन्हा सुटं होऊन वाहायला लागतं.

कधी उलटंही होतं, हे सांगायला हवं. टाकीच्या अगदी जवळच्या निरीक्षण बोअरमध्ये, म्हणजे पातळी आणि नमुने घेण्यापुरत्या मारलेल्या बोअरमध्ये, पावसाळ्यानंतर विरघळलेलं बेंझीन वाढलेलं मिळतं, कारण चढलेलं पाणी थेट माखलेल्या मुरुमात जाऊन बसतं. म्हणून मी दोन्ही मोसमांचे नमुने मागते. पण दूरच्या विहिरीचा एकट्या ऑक्टोबरचा नमुना दाखवून 'प्रदूषण नाही' म्हणणं, याला मी तपासणी म्हणत नाही.

आबांच्या हातात जो रिपोर्ट होता त्यात आणखी एक गंमत होती. तपासलेल्या गोष्टींत पीएच, टीडीएस, हार्डनेस आणि शेवटी 'ऑइल अँड ग्रीस: ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी'. बस. आता ऑइल अँड ग्रीसची चाचणी कशी होते? पाण्यात हेक्झेन घालून तेलकट भाग ओढून घेतात, मग हेक्झेन तापवून उडवतात आणि उरलेलं वजन करतात. हेक्झेन उडवताना पेट्रोलचे हलके भागही त्याच्याबरोबर उडून जातात. ही चाचणी हॉटेलच्या सांडपाण्याला किंवा गॅरेजच्या नाल्याला ठीक. पेट्रोल शोधायला ती लावली तर पेट्रोल न सापडण्याचीच सोय होते. मागायचं असतं बीटीईएक्स: बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन, झायलीन. तेही जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून ओळखणाऱ्या मशीनवर, लिटरला मायक्रोग्रॅममध्ये. फी कितीतरी जास्त पडते, आणि तालुक्याच्या ठिकाणी हे मशीन नसतं.

मायक्रोग्रॅमचा हट्ट का, तर बेंझीनमुळे. ते माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम सांगितली आहे. आपल्या बीएस-सिक्स पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त एक टक्का असू शकतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. हे सगळं पाण्यात उतरलं तर पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवेल. दहा हजार लिटरचे जवळपास ८८ टँकर. एका लिटर पेट्रोलमध्ये. बेंझीनची चव जिभेला कळायला लिटरला अर्धा मिलिग्रॅम तरी लागतं, म्हणजे मर्यादेच्या ५० पट. आबांना येणारा वास पेट्रोलमधल्या इतर भागांचाही होता. वास येतो म्हणजे काहीतरी नक्की आहे. वास येत नाही यावरून काहीच ठरत नाही.

मी आबांना त्याच दिवशी जनावरांना ते पाणी बंद करायला सांगितलं. काकूंनी विचारलं, 'आणि डाळिंबात उतरतं का हो ते?' ठिबकमधून बाहेर पडताना यातला मोठा भाग हवेत उडून जातो, त्यामुळे फळापेक्षा मला मोटरच्या खोलीची आणि विहिरीची काळजी जास्त वाटते, असं मी म्हटलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती विहिरीत खाली साचून राहते, आणि हवेत दीड टक्क्यापर्यंत झाली तरी ठिणगीला पुरते. आबांचा पुतण्या झरा दाखवायला दोरावरून खाली उतरायला निघाला होता, खिशात काडेपेटी. त्याला कठड्यावरूनच मागे ओढलं. आधी गॅस मीटर दोरीला बांधून सोडला. त्याने अर्ध्यावरच कोकलायला सुरुवात केली. त्यानंतर विहिरीत उतरायचा विषय कुणी काढला नाही.

पंपावर गेले तेव्हा मॅनेजरने स्टॉकचं रजिस्टर पुढे केलं. रोजची डिप (टाकीत दांडा घालून मोजलेली पातळी), रोजची विक्री, रोजचा फरक, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. 'गळती असती तर इथे दिसली नसती का?' नसती दिसली. एखाद्या जॉइंटमधून सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरा. वर्षाला दीड हजार लिटरच्या वर जातं, पण दिवसाला चार-सव्वाचार लिटरच. दहा हजार लिटर पेट्रोलचं तापमान दहा अंशांनी बदललं तर त्याचं आकारमान शंभर लिटरच्या आसपास कमी-जास्त होतं. टँकर दुपारी तापलेला येतो, टाकी जमिनीखाली थंड असते, वर बाष्पीभवन, वर डिप रॉड वाचणाऱ्याचे डोळे. या सगळ्या गोंधळात चार लिटर कोण शोधणार? गळती रजिस्टरच्या आड सुखाने नांदते. म्हणून टाक्या आणि पाइपलाइन दाबाखाली तपासाव्या लागतात. आणि अनुभव असा, की लोक टाकीला दोष देतात पण बऱ्याचदा दोषी निघतो पाइपचा जॉइंट, किंवा डिस्पेन्सरच्या, म्हणजे गाडीत पेट्रोल भरणाऱ्या यंत्राच्या, खालचा भाग, किंवा टँकर खाली करताना वर्षानुवर्षं भरण्याच्या तोंडाशी सांडलेलं.

मातीचं काम आम्ही हाताच्या ऑगरने, म्हणजे माती काढायच्या गिरमिटाने, सुरू केलं. काळी माती ओली असेल तर ऑगर सरळ आत जातो, वाळलेली असेल तर दोन माणसं दांड्याला लटकतात. दर अर्ध्या मीटरला माती काढायची, झिप असलेल्या पिशवीत निम्मी भरायची, तोंड बंद करून थोडा वेळ उन्हात ठेवायची, आणि पिशवीला भोक पाडून पीआयडीचं नाक आत घालायचं. हे मशीन कुठला वायू आहे ते सांगत नाही, वाफ किती आहे तेवढं सांगतं. पण कुठे खणायचं आणि कुठला नमुना लॅबला पाठवायचा हे ठरवायला पुरेसं. रस्त्याच्या बाजूच्या भोकांत आकडा शून्याजवळ. भरण्याच्या तोंडाजवळ वर जास्त, खाली कमी: हे सांडलेलं. डिस्पेन्सरच्या मागच्या कोपऱ्यात उलटं, वर जवळजवळ काही नाही आणि मुरूम लागल्यावर आकडा उसळला. गळती जमिनीखालून असेल तर चित्र असंच दिसतं. लॅबला जाणारी माती पिशवीत पाठवायची नसते. काढल्या काढल्या मोजकी माती मिथेनॉलच्या कुपीत टाकायची. नाहीतर लॅबला पोचेपर्यंत बेंझीन उडालेलं असतं आणि आपण मुरूम तपासून घेतो.

मुरुमाखाली ऑगर चालत नाही, बोअरची गाडी बोलवावी लागते. महाराष्ट्रात फिरणाऱ्या कितीतरी गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडच्या, आणि त्यावरची पोरं पाणी लावण्यात वाकबगार. त्यांना 'पाणी लागलं की थांबा' हे पटवणं हा वेगळाच अध्याय आहे. जास्त खोल गेलं तर तेवढ्याच पैशात जास्त फूट मिळाले असं त्यांना वाटतं, आणि मला मात्र वरच्या थरातलं पेट्रोल खालच्या स्वच्छ थरात उतरायला वाट करून दिल्यासारखं होतं. शिवाय हातोडा हवेच्या दाबावर चालतो, त्या हवेबरोबर यंत्राचं तेल भोकात जातं. ते बंद करता येत नाही म्हणून त्या तेलाचीही एक बाटली मी नमुन्यांबरोबर लॅबला पाठवते, म्हणजे उद्या कुणी म्हणालं की तेल तुमच्याच गाडीचं, तर उत्तर तयार. निरीक्षण बोअरमध्ये बसवलेल्या पाइपची जाळी पाण्याच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे यायला हवी. पाणी लागण्यासाठी घेतलेल्या बोअरमध्ये वरचा भाग केसिंगच्या पाइपने बंद असतो. तरंगणारं पेट्रोल केसिंगच्या बाहेर राहतं आणि मोटर खालचं पाणी उपसते. गावातल्या चालू बोअरचा नमुना घेऊन निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे आधी बघावं.

तीन निरीक्षण बोअर घेतले, तिन्हींची पातळी मोजली, कागदावर उतार काढला. पुस्तकाप्रमाणे तीन बिंदूंवरून पाण्याची दिशा मिळते. मिळाली, आणि ती आबांच्या विहिरीच्या बरीच उत्तरेला जात होती. मॅनेजरच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मग मी आबांना विचारलं, विहिरीत आडवे बोअर मारलेत का. मारले होते. दुष्काळात पाणी आटलं तेव्हा तळाच्या थोडं वर दोन आडवे बोअर घेतले होते. एक कोरडा गेला. दुसऱ्याला पाणी लागलं, म्हणून दीडशे फुटांपर्यंत नेला. 'कुठल्या दिशेला?' आबांनी हात केला तो थेट पंपाच्या छताकडे.

बेसाल्टमध्ये नकाशावरचा उतार एक सांगतो आणि भेगा दुसरंच ऐकतात, हे ठाऊक होतंच. पण इथे भेगांना माणसाने पाइप जोडून दिला होता. ऑक्टोबरात तो बोअर पाच-सहा मीटर पाण्याखाली. फाल्गुनात बागेला उपसा सुरू झाला की पातळी खाली येत येत त्याच्या तोंडाशी पोचते, आणि खडकातलं तरंगणारं पेट्रोल त्या दीडशे फुटांच्या नळीतून विहिरीकडे ओढलं जातं. आबांचं शिमगा ते वैशाख हे वेळापत्रक त्या बोअरच्या उंचीवर बेतलेलं होतं.

पाण्याचे नमुने घ्यायला मी मेपर्यंत थांबले. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या. काठाच्या वर पाणी फुगेपर्यंत भरायच्या, झाकण लावायचं, उलटी करून तळहातावर टिचकी मारायची आणि आत बुडबुडा आहे का बघायचं. बुडबुडा म्हणजे बेंझीनला पळायला खोली. लॅबवाले कुपीत आधीच हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालून देतात, जंतूंनी वाटेत नमुना खाऊ नये म्हणून. पण सोलापूरचं पाणी इतकं जड, त्यात बायकार्बोनेट इतकं, की आम्ल लागताच सोड्यासारखे बुडबुडे येतात. मग बिनआम्लाच्या कुप्या वापरायच्या, बर्फात ठेवायच्या आणि १४ दिवसांऐवजी ७ दिवसांच्या आत तपासून घ्यायच्या. लॅबला आधी फोन करून हे ठरवलं नाही तर कुप्या तिथे फ्रिजमध्ये रांगेत बसतात.

इंटरफेस मीटर म्हणजे टोकाला सेन्सर असलेली टेप. तेल लागलं की सलग शिट्टी, पाणी लागलं की तुटक. पंपाच्या कोपऱ्यातल्या बोअरमध्ये सोडला तेव्हा सलग शिट्टी वाजली. टेप इंचाइंचाने खाली सोडत गेले, शिट्टी तुटेना. चांगली वीतभर उतरल्यावर तुटली. मग बेलर, म्हणजे नमुना काढायची नळी, सोडून वर काढला. पारदर्शक नळीत खाली गढूळ पाणी, वर फिकट पिवळट थर, मध्ये सुईच्या टोकाने ओढल्यासारखी रेघ. मॅनेजर बाजूलाच उभा होता. नाकाला रुमाल लावून म्हणाला, 'हे आमचंच कशावरून?'

तिथे हजर असलेल्या एका अधिकाऱ्याने दुसऱ्या टोकाची घाई केली. वीतभर थर गुणिले पंपाचं क्षेत्रफळ असा हिशोब करून त्यांनी लाखो लिटर गळती काढली. बोअरमधला थर खडकातल्या थरापेक्षा जाड दिसतो, आणि खडकात पेट्रोल सलग पसरलेलं नसून भेगाभेगांत असतं, हे सांगून तो आकडा पंचनाम्यातून काढायला लावला. शेतकऱ्याच्या बाजूने चुकीचा आकडा लिहिला तरी तो कोर्टात शेतकऱ्याच्याच अंगावर येतो.

मॅनेजरचा प्रश्न मात्र रास्त होता. त्याचं म्हणणं, आबांच्या जुन्या इंजिनाचं डिझेल विहिरीत सांडत आलंय. जीसीवर हे भांडण लगेच मिटतं. डिझेल जड, त्याच्या रेघा आलेखात उशिरा येतात. पेट्रोलच्या सुरुवातीलाच दाटीने येतात. विहिरीच्या नमुन्यात सुरुवातीलाच दाटी होती, डिझेलच्या जागी सपाट. मातीत शिसं तपासलं, तेही रस्त्याच्या धुरापासून लांबच्या खोल नमुन्यात. भारतात शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, त्यामुळे खोलवर शिसं मिळालं असतं तर गळती आधीच्या काळातली म्हणता आली असती. वेगळं काही मिळालं नाही, म्हणजे गळती अलीकडची. नंतर दाब तपासणीत डिस्पेन्सरकडे जाणाऱ्या पाइपचा एक जॉइंट दाब धरेना.

जॉइंट बदलला, विषय संपला, असं पंपाच्या बाजूला वाटतं. तो संपत नाही. बेमिजी नावाचं गाव अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे. त्याच्या जवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटून सुमारे १०,७०० बॅरल तेल सांडलं. बरंचसं उपसलं, पेटवलं, माती उचलली, तरी सुमारे २,५०० बॅरल जमिनीत राहिलं. १९८३ पासून अमेरिकेचं भूशास्त्र खातं तिथे ठाण मांडून त्याचं काय होतं ते मोजतंय. जंतू ते खातात. आधी पाण्यातला ऑक्सिजन वापरतात, मग नायट्रेट, लोह, सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेन सोडत खातात. चार दशकं उलटली, तेल अजून आहे. तेही सलग वाळूत, जिथे सगळं मोजता येतं. आबांच्या विहिरीत युरियाच्या कृपेने नायट्रेट मुबलक आहे. टोल्युइनला ते चालतं. बेंझीन नायट्रेटवर फारसं मोडत नाही. आणि आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. इथेनॉल जंतूंना आधी आवडतं, ते खाण्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझीन मागे राहून आणखी दूर जातं.

खडकातली वाफ ओढून काढायचा पंप आम्ही मार्च ते जून चालवतो. तेव्हाच तो माखलेला पट्टा पाण्याच्या वर उघडा पडलेला असतो. जुलैपासून ते मशीन पाणीच ओढेल.

२४ जुलै २०२५ ला केंद्राने दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम काढले, ही मोठी गोष्ट आहे; त्याआधी अशा जमिनीला धड कायदाच नव्हता. संशयित जागेची प्राथमिक तपासणी ९० दिवसांत आणि तपशीलवार तपासणी पुढच्या तीन महिन्यांत, अशी मुदत त्यात आहे. दिरंगाईला वेसण म्हणून ती चांगलीच आहे. पण ऑगस्टमध्ये तक्रार दाखल झाली तर प्राथमिक तपासणी दिवाळीच्या सुमारास होईल आणि तपशीलवार तपासणी फेब्रुवारीत संपेल. आमच्या दख्खनच्या खडकात नेमका जो काळ बघायचा तो या सहा महिन्यांत येतच नाही. विहीर निर्दोष सुटेल, पंपही. तक्रार फेब्रुवारीत द्या, असं मी हल्ली सरळ सांगते, आणि अर्जात वास कुठल्या महिन्यात येतो ते लिहा.

आबांचा तो आडवा बोअर पुढच्या उन्हाळ्यात विहिरीची हवा तपासून, पंखा लावून, सिमेंटने बंद केला. विहिरीचं पाणी त्यामुळे अर्ध्याहून कमी झालं, बाग टँकरवर आली. दक्षिणेच्या बाजूला नवा आडवा बोअर मारता येईल, तिथला खडक मी बघून दिलाय. त्याचे आणि टँकरचे पैसे कुणी द्यायचे यावर दोन्हीकडचे वकील अजून एकमेकांना पत्रं पाठवतायत.